एक ऑक्सिजन उणा, एक कार्बन अधिक

१९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. गरोदर बायकांना होणाऱ्या एका विचित्र रक्तक्षयाचा छडा लावायचं काम त्यांच्याकडे होतं. कापड गिरण्यांत राबणाऱ्या, भाजीपाला आणि दूधदुभतं ताटात क्वचितच येणाऱ्या बायकांत तो जास्त आढळायचा. लोह कमी पडून होणारा रक्तक्षय डॉक्टरांना चांगला ओळखीचा होता. त्यात तांबड्या पेशी लहान आणि फिकट दिसतात. इथे सूक्ष्मदर्शकाखाली नेमकं उलट दिसे. पेशी संख्येनं कमी, पण एकेक पेशी फुगल्यासारखी मोठी.

विल्स यांनी हरतऱ्हेचे उपाय करून पाहिले. अखेर गुण आला तो मार्माइट नावाच्या यीस्टच्या अर्कानं. इंग्रज लोक पावाला लावून खातात तो हा काळपट, खारट, चिकट पदार्थ. स्वस्त होता, बाजारात सहज मिळत होता. तो दिल्यावर बायकांचं रक्त सुधारू लागलं. १९३१ साली विल्स यांनी हे ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केलं. अर्कातला गुणकारी घटक कोणता, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. दहा वर्षांनी, १९४१ मध्ये, अमेरिकेत पालकाच्या पानांतून तो वेगळा काढण्यात आला. तेच आजचं फॉलिक ॲसिड.

पण पेशी कमी होतात हे समजण्यासारखं असलं, तरी त्या मोठ्या का होतात? याचं उत्तर डीएनए आणि आरएनए यांच्यातल्या फरकात दडलेलं आहे, आणि ते शाळेतल्या पुस्तकात सहसा सापडत नाही.

शाळेत आपण ‘फरक स्पष्ट करा’ या प्रश्नाखाली मधे उभी रेघ ओढून दोन रकाने भरतो. डीएनए दुपदरी, आरएनए एकपदरी. डीएनएमध्ये डीऑक्सिरायबोज साखर, आरएनएमध्ये रायबोज. डीएनएची अक्षरं ए, टी, जी, सी, तर आरएनएमध्ये टीच्या जागी यू. डीएनए मुख्यतः केंद्रकात, आरएनए पेशीभर. चार गुण मिळतात आणि विषय संपतो. तक्ता बरोबरच आहे, पण त्यातून काहीच कळत नाही. निसर्गानं एकाच कामासाठी दोन इतके सारखे रेणू का बाळगले, आणि एक साखर नि एक अक्षर बदलण्याचा उपद्व्याप का केला, हा खरा प्रश्न रकान्यांत मावत नाही.

आधी साखर पाहू. रायबोजमध्ये पाच कार्बन अणू असतात. त्यातल्या दुसऱ्या कार्बनवर ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांची जोडगोळी लटकलेली असते. डीएनएच्या साखरेत त्या जागी नुसता हायड्रोजन असतो. म्हणजे फरक एका ऑक्सिजन अणूचा. तो हुडकायला न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतल्या फीबस लेव्हिन यांना वीस वर्षं लागली. रायबोज त्यांनी १९०९ मध्ये ओळखली, डीऑक्सिरायबोज १९२९ मध्ये. तोवर शास्त्रज्ञांचा समज असा की डीएनए आणि आरएनए या दोन आम्लांपैकी एक प्राण्यांचं आणि दुसरं वनस्पतींचं. कारण साधं होतं. एक वासराच्या थायमस ग्रंथीतून मिळे, दुसरं यीस्टमधून. दोन्ही आम्लं प्रत्येक सजीव पेशीत शेजारी शेजारी नांदतात, हे पुढे कळलं.

हा एक ऑक्सिजन मोठा उपद्रवी. तो साखळीच्या सांध्याच्या अगदी जवळ असतो आणि संधी मिळाली की शेजारच्या फॉस्फेटवर हल्ला करून सांधाच तोडतो. म्हणजे आरएनएच्या प्रत्येक दुव्यात स्वतःला तोडण्याची सोय आधीपासून बसवलेली असते. आरएनए आणि डीएनए दोन्ही सौम्य अल्कलीच्या द्रावात रात्रभर कोमट ठेवले, तर सकाळी आरएनएची सुटी सुटी अक्षरं झालेली असतात. डीएनएचे दोन पदर एकमेकांपासून वेगळे होतात खरे, पण प्रत्येक पदर धड राहतो. कित्येक वर्षं प्रयोगशाळांत ही दोन आम्लं वेगळी मोजायची हीच पद्धत होती.

आरएनएवर काम करणाऱ्या माणसाचं टेबल पाहिलं की हा नाजूकपणा डोळ्यांना दिसतो. टेबल आधी खास द्रवानं पुसून घेतलेलं. हातमोजे दर थोड्या वेळानं बदलायचे, चुकून चेहऱ्याला हात लागला तर लगेच. नळ्या बर्फात खोचलेल्या. पिपेट वेगळी, तिची टोकं वेगळी, पाणीसुद्धा रसायन घालून, रात्रभर ठेवून, मग प्रेशरखाली तापवून घेतलेलं. एवढा सोवळेपणा कशासाठी, तर आपल्या घामात, थुंकीत, त्वचेवर आरएनए कापणारी विकरं सर्वत्र असतात. ती अशी चिवट की काही तर उकळूनही निकामी होत नाहीत. नमुना ठेवायचा तो उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये. त्याच खोलीत डीएनएचा नमुना साध्या फ्रिजमध्ये निवांत पडलेला असतो. कागदावर रक्ताचा थेंब वाळवून पाकिटात घातला तरी त्यातला डीएनए टिकतो.

टिकतो म्हणजे किती? हरियाणातल्या राखीगढी इथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि त्यांचे सहकारी यांनी हडप्पा संस्कृतीच्या दफनभूमीचं उत्खनन केलं. तिथल्या सांगाड्यांतून डीएनए मिळवायचा प्रयत्न झाला. आपल्याकडच्या उष्ण हवेत हाडांतला डीएनए लवकर खराब होतो, त्यामुळे साठहून अधिक नमुने तपासल्यावर उपयोगी पडेल इतका डीएनए एकाच बाईच्या सांगाड्यातून निघाला. पण निघाला. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या बाईच्या वंशावळीबद्दलचा शोधनिबंध २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यावर आपल्याकडे केवढा वाद झाला, तो आठवत असेलच. आरएनएचं पाहा. स्टॉकहोमच्या संग्रहालयातल्या, नामशेष झालेल्या टास्मानियन वाघाच्या सुमारे १३० वर्षं जुन्या वाळक्या कातड्यातून आरएनए मिळाला, एवढ्यावर २०२३ मध्ये जगभर बातमी झाली.

मग आरएनए ठेवलाच कशाला? तर तो टिकत नाही म्हणूनच. तहसीलच्या दप्तरातली मूळ नोंद आणि आपण कामापुरता काढलेला सातबाऱ्याचा उतारा, असं या दोघांचं नातं आहे. नोंद हलवायची नसते, उतारा मात्र बँकेत, कोर्टात, सोसायटीत फिरतो आणि काम झाल्यावर त्याची किंमत शून्य. जुना उतारा बाजारात फिरत राहिला तर घोटाळाच. पेशीचंही तेच. जिवाणूला दुधातली साखर मिळाली की ती पचवणाऱ्या विकराचा संदेश आरएनएच्या रूपात लिहिला जातो. साखर संपली की काही मिनिटांत तो संदेश नष्ट होतो आणि विकराचं उत्पादन थांबतं. आपल्या पेशींत असे संदेश सहसा काही तास जगतात. संदेश अमर असते तर एकदा दिलेला हुकूम मागे घेताच आला नसता. लिहिण्यातली काळजीही त्याच मानानं कमी-जास्त. आरएनए लिहिताना पेशी लाखभर अक्षरांत एखादी चूक खपवून घेते. डीएनएची प्रत काढताना, तपासणी आणि दुरुस्ती धरून, शंभर कोटी अक्षरांत जेमतेम एखादी चूक उरते.

आता अक्षराकडे वळू, कारण गिरणगावातल्या त्या बायकांचं कोडं तिथे सुटतं.

आरएनएमधला यू म्हणजे युरॅसिल आणि डीएनएमधला टी म्हणजे थायमिन. या दोघांत फरक आहे तो मिथाइल नावाच्या एका लहानशा शेपटीचा, एक कार्बन आणि तीन हायड्रोजन. दोघंही समोरच्या ए अक्षराशी सारखीच जोडी जमवतात. वाचनात काहीच फरक पडत नाही. मग ही शेपटी लावायचा खर्च कशाला?

याचं उत्तर टोमास लिंडाल या स्वीडिश शास्त्रज्ञाच्या कामातून मिळालं. डीएनए म्हणजे दगडावरची रेघ, असा १९७० च्या आसपास बहुतेकांचा समज होता. लिंडाल यांना शंका आली. आरएनए तापवला की भराभर मोडतो हे त्यांनी पाहिलं होतं. मग डीएनए तरी जन्मभर कसा टिकेल? त्यांनी मोजून पाहिलं आणि आढळलं की डीएनएही सतत किडत असतो. त्यातली एक कीड अशी, की सी हे अक्षर पाण्याच्या संगतीत आपोआप बिघडतं आणि त्याचं यू होतं. आपल्या प्रत्येक पेशीत हे रोज शंभरेक ठिकाणी घडतं. पेशीत एक विकर डीएनएवर पहारा देत फिरत असतं. यू दिसलं की ते उपटून काढतं आणि मग तिथे पुन्हा सी बसवला जातो. आता कल्पना करा, डीएनएमध्ये मुळातच यू वापरलं असतं तर? समोर आलेलं यू अस्सल की बिघडलेल्या सीचं, हे पहारेकऱ्याला कळणार कसं? म्हणून अस्सल अक्षराला शेपटीची खूण. बिनशेपटीचं दिसलं की ते चोर. आरएनए थोड्या वेळाचा पाहुणा, त्याला ही चैन लागत नाही. लिंडाल यांना या कामासाठी २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.

पेशी डीएनएची कच्ची सामग्री वेगळी बनवत नाही, ही गंमत मला सगळ्यात मोठी वाटते. ती आधी आरएनएच्या घटकांसारखे घटक बनवते. मग एक विकर त्यांच्या साखरेतला तो उपद्रवी ऑक्सिजन काढून टाकतं आणि दुसरं विकर यूला मिथाइल जोडून त्याचा टी करतं. डीएनए हा एका अर्थी खर्च करून पक्का केलेला आरएनएच आहे. पृथ्वीवर आधी आरएनए आला, डीएनए मागाहून, असं मानणारे शास्त्रज्ञ जे पुरावे देतात त्यांत हा एक ठळक पुरावा आहे. आणि यूचा टी करताना लागणारा तो एक कार्बन आणून देतो कोण? फॉलेट, म्हणजे फॉलिक ॲसिडचंच अन्नात आणि शरीरात आढळणारं रूप.

आता गर्भार बाईच्या अस्थिमज्जेत काय होतं ते पाहा. तिथे दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक तांबड्या पेशी तयार होतात. प्रत्येक विभाजनाआधी सगळ्या डीएनएची दुसरी प्रत काढावी लागते आणि एका प्रतीला साडेतीनशे कोटींच्या वर थायमिन लागतात. आहारात फॉलेट नाही, त्यात पोटातल्या गर्भाचाही त्यावर हक्क. थायमिनची टंचाई होते. फॉलेट इतरही काही अक्षरांच्या बांधणीत लागतं, पण पहिली झळ थायमिनला बसते. डीएनएची प्रत अर्ध्यात अडते, विभाजन लांबतं. आरएनएला मात्र थायमिन लागतच नाही! त्याचं काम चालू राहतं, प्रथिनं बनत राहतात, पेशी वाढत राहते, फक्त दोन होऊ शकत नाही. म्हणून संख्या कमी आणि आकार मोठा. त्यातच टंचाईमुळे टीच्या जागी यू घुसतं, पहारेकरी ते उपटतो, भरायला पुन्हा यूच मिळतं, तो पुन्हा उपटतो. या काढ-घालीत डीएनएचे तुकडे पडतात आणि कितीतरी पेशी मज्जेतच मरतात. विल्स यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं ते दोन आम्लांतला फरक उघडा पडलेलं चित्र होतं, आणि तेव्हा डीएनएची रचनाही कोणाला ठाऊक नव्हती.

हीच टंचाई मुद्दाम घडवून आणली तर ते औषध होतं. आंध्रातल्या भीमवरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ली कंपनीत संशोधन करत होते. त्यांच्या चमूनं फॉलिक ॲसिड प्रयोगशाळेत बनवलं आणि मग फॉलिक ॲसिडची नक्कल करून त्याचीच वाट अडवणारे रेणूही बनवले. त्यातला एक बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना दिला आणि १९४८ मध्ये काही मुलांचा आजार तात्पुरता मागे हटल्याचं जाहीर केलं. कर्करोगावरच्या रासायनिक उपचारांची ती सुरुवात मानली जाते. त्याच कुळातलं मेथोट्रेक्सेट आज संधिवाताच्या रुग्णांनाही आठवड्यातून एकदा दिलं जातं. आणखी एक जुनं औषध, फाइव्ह-फ्लुओरोयुरॅसिल, म्हणजे असं यू की ज्याच्या शेपटीच्या जागी फ्लोरिन बसवलेला आहे. मिथाइल जोडणारं विकर त्याला पकडतं आणि तिथेच अडकून पडतं.

इथे जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. फॉलेटचं हे चक्र बी-१२ शिवाय फिरत नाही आणि बी-१२ भाजीपाल्यात नसतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या संशोधकांना परिसरातल्या खेड्यांतल्या निम्म्याहून अधिक गर्भवतींत बी-१२ कमी आढळलं होतं. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड घेत राहिलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं, पण मज्जातंतूंची हानी चालूच राहते. गोळी डॉक्टरांना विचारून घ्यावी ती एवढ्यासाठी. आणि बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी गर्भधारणेनंतर पहिल्या चार आठवड्यांत मिटते, म्हणून गोळी दिवस राहण्याआधीपासून सुरू करायची असते.

आरएनए नुसता उतारा आहे असं मी वर म्हटलं, पण तेवढंच धरून बसलं तर त्याच्यावर अन्याय होईल. एकपदरी असल्यामुळे तो स्वतःभोवतीच दुमडतो, गाठी मारतो, आकार घेतो आणि आकार आला की काम करता येतं. विकरं म्हणजे प्रथिनंच, हा समज टॉमस चेक आणि सिडनी ऑल्टमन यांनी मोडला. रासायनिक क्रिया घडवणारा आरएनए त्यांनी दाखवून दिला आणि १९८९ चं नोबेल मिळवलं. पेशीतल्या एकूण आरएनएपैकी संदेश वाहणारा आरएनए अगदी थोडा. चार पंचमांश भाग रायबोसोमचा, म्हणजे प्रथिनांच्या कारखान्याचाच. त्या कारखान्याची रचना उलगडण्याबद्दल बडोद्यात शिकलेले वेंकटरामन रामकृष्णन यांना इतर दोघांसह २००९ चं नोबेल मिळालं. त्या रचनेत दिसलं की प्रथिनाचा दुवा जोडला जातो त्या जागी प्रथिन नाहीच, आरएनए आहे. म्हणजे आपल्या अंगातलं प्रत्येक प्रथिन आरएनएच्या हातचं.

करोनाच्या काळात या दोन रेणूंतला फरक घरोघरी पोचला, लोकांना तो कळला नाही एवढंच. तो विषाणू आरएनएचा, सुमारे तीस हजार अक्षरांचा. देशातल्या पहिल्या रुग्णाचा नमुना जानेवारी २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत तपासला गेला. नाकातली काडी बर्फाच्या डब्यातून न्यावी लागे ती आरएनए मोडू नये म्हणून. यंत्रात नमुना गेला की पहिली पायरी आरएनएचा डीएनए करण्याची, कारण पुढची पीसीआरची क्रिया डीएनएच्याच प्रती काढते. उलटं लिहिणारं हे विकर १९७० मध्ये हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी शोधलं. त्याआधी माहिती डीएनएकडून आरएनएकडेच जाते असं बहुतेक जण धरून चालत.

लशींतही दोन्ही आले. अहमदाबादच्या झायडस कॅडिलाची झायकोव्ह-डी ही माणसांसाठी मंजूर झालेली जगातली पहिली डीएनए लस, ऑगस्ट २०२१. ती साध्या फ्रिजमध्ये राहते. पण डीएनए असल्यामुळे तिला पेशीच्या केंद्रकात शिरावं लागतं, आणि ते सोपं नसतं. तीन डोस ठरवले होते. एमआरएनए, म्हणजे संदेश वाहणाऱ्या आरएनएच्या, लशीला केंद्रकाशी देणंघेणं नाही, बाहेरच रायबोसोमनं तिला वाचलं की झालं. पण फायझरची लस उणे ७० अंशांत ठेवावी लागे, आरएनए आणि त्याभोवतीचं मेदाचं आवरण दोन्ही नाजूक म्हणून. पुण्याच्या जिनोव्हा कंपनीनं आपली एमआरएनए लस गोठवून कोरडी केली. पाण्याशिवाय आरएनए तुटत नाही, त्यामुळे ती २ ते ८ अंशांत राहू शकली. २०२२ मध्ये तिला आपत्कालीन मंजुरी मिळाली. ‘एमआरएनए लशीनं डीएनए बदलतो’ असं अजूनही ऐकू येतं. लशीत उलटं लिहिणारं विकर नसतं, तिचा आरएनए केंद्रकात जात नाही आणि थोड्याच दिवसांत मोडून जातो.

मोडून जाणं हा गुण, पण औषध बनवणाऱ्याच्या दृष्टीनं अडचण. त्यावरचा उपाय पुन्हा त्याच जुन्या ऑक्सिजनपाशी आला. कोलेस्टेरॉल कमी करणारं इन्क्लिसिरन हे इंजेक्शन म्हणजे आरएनएचा एक आखूड, दुपदरी तुकडा. यकृतात शिरून तो एका विशिष्ट प्रथिनाचा संदेशच नष्ट करवतो. त्यातल्या बहुतेक साखरांवरच्या त्या ऑक्सिजनला एक तर मिथाइलची टोपी घातलेली आहे, नाहीतर त्याला हटवून तिथे फ्लोरिन बसवला आहे. उघड्या अवस्थेत काही मिनिटांत संपून जाणारा रेणू मग एवढा टिकतो, की पहिलं इंजेक्शन, तीन महिन्यांनी दुसरं, आणि त्यानंतर वर्षातून दोनदाच घ्यावं लागतं.